मास्तर आधी मोकळा हवा

पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीची चाहूल लागली की सातारा-सांगलीकडे एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘माणूस अभ्यासू आहे हो, पण मास्तर आहे. राजकारणात टिकायचा नाही.’ म्हणणाऱ्याच्या मनात आकस नसतो, उलट त्या माणसाविषयी कळकळच असते. पण अभ्यासाला राजकारणात जागा नाही, हे त्या वाक्यात आपण धरूनच चाललेलो असतो. हे धरून चालणं आपल्या दोन्ही जिल्ह्यांना फार महाग पडलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचा मिळून विधान परिषदेचा एक पदवीधर मतदारसंघ आहे आणि एक शिक्षक मतदारसंघ. घटनेच्या १७१व्या कलमाने परिषदेतल्या सदस्यांचा एक-बारांश भाग पदवीधरांनी आणि एक-बारांश शिक्षकांनी निवडावा असं ठरवलं. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत त्या हिशेबाने सात आणि सात जागा येतात. यामागचा विचार साधा होता. निवडून येण्यासाठी ज्यांना गावोगाव मांडव घालावे लागत नाहीत, कागद वाचायची ज्यांना सवय आहे, अशी चार माणसं सभागृहात असावीत. प्रत्यक्षात ही जागाही पक्षाच्या बेरजेतली एक जागा होऊन बसली. पदवीधरांचा उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची सक्ती कायद्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच मद्रासकडच्या एका खटल्यात स्पष्ट केलं. २०२० च्या डिसेंबरात आपल्याकडच्या पदवीधर लढतीतले दोन्ही प्रमुख उमेदवार सांगली जिल्ह्यातले होते, आणि चर्चा कसली झाली? कोणत्या पक्षाकडे किती कारखाने, किती शिक्षणसंस्था, किती नोंदणी. त्या वेळी निवडून आलेल्यांची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. म्हणून हा विषय आत्ताच बोलायला हवा.

बोलायचं तर सुरुवात गोपाळ कृष्ण गोखल्यांपासून करावी लागते. प्राध्यापक आणि राजकारणी या दोन्ही भूमिका एकाच आयुष्यात इतक्या गांभीर्याने पार पाडणारा दुसरा माणूस आपल्याकडे क्वचितच झाला. पण आमच्या भागात गोखल्यांचं नाव घेताना जरा सांभाळूनच बोलावं लागतं. गोखले मवाळ, म्हणजे सनदशीर मार्गाने चालणारे, आणि हा बेचाळीसच्या लढ्यातल्या प्रतिसरकारचा मुलूख. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, कुंडल हे त्या लढ्याचं केंद्र, शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली ती याच पट्ट्यात. ज्या घरांतली माणसं भूमिगत झाली, तुरुंगात गेली, गोळ्यांनी मेली, त्या घरांत ‘मवाळ’ हा शब्द कौतुकाने कोण उच्चारील? त्या लढ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याच प्रतिसरकारने न्यायदान मंडळं चालवली, गावोगावचे तंटे साक्षीपुरावे ऐकून मिटवले, हेही आपण आठवलं पाहिजे. बंदूक हातात असतानाही त्यांना दोन्ही बाजू ऐकून घेण्याची गरज वाटली. ती गरज ओळखून आयुष्यभर तेवढंच काम केलेल्या माणसाला आपण भित्रा म्हणून मोडीत काढलं, ही माझी तक्रार आहे.

गोखल्यांचा जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. शिक्षण कागल आणि कोल्हापूरला, मग मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज. पदवी मिळाली १८८४ साली. सरकारी नोकरी किंवा वकिली, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. गरिबीतून वर आलेल्या घराची अपेक्षाही तीच असणार. ते गेले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला. त्यांना तिकडे ओढण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते, आगरकर नंतर. फर्ग्युसनमध्ये गोखल्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं. आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू सांभाळली. कॉलेजसाठी देणग्या मागत ते गावोगाव फिरले.

या काळातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. १८९० साली गोखल्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेव्हा टिळकांनी आक्षेप घेतला. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यायचा असतो, शिक्षकाने दुसरीकडे गुंतू नये, हा त्यांचा मुद्दा. वाद वाढला आणि इतर कारणांबरोबर याही कारणाने टिळक सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे शिक्षकाने राजकारणात पडावं का, हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि विरोध करणारा माणूस टिळकांच्या तोलाचा होता. आक्षेपात तथ्य होतंच. वर्गावर न जाता मोर्चे काढणारा शिक्षक कुणालाच नको. तरीही इतिहासाने कौल दिला तो गोखल्यांच्या बाजूने, कारण त्यांनी वर्गातली शिस्त सभेत नेली. सभेतली गडबड वर्गात आणली नाही.

ही शिस्त म्हणजे काय, ते १८९७ साली दिसलं. वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले इंग्लंडला गेले होते. हिंदुस्थानच्या तिजोरीतून लष्करावर आणि विलायतेतल्या खर्चावर किती पैसा जातो, याची त्यांनी दिलेली साक्ष आणि उलटतपासणीतली उत्तरं आजही वाचण्यासारखी आहेत. त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रं आली. प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर त्यांत होता. गोखल्यांनी ते तिथे जाहीर केलं. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना. त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली, आणि ती पुढे कित्येक वर्षं पुरली.

त्या माफीचं समर्थन करणं सोपं नाही. प्लेगच्या झडत्यांत लोकांचे हाल झाले होते, हे खोटं नव्हतं, आणि माफीच्या भाषेत जरा कमी नम्रता असती तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं. पण माफीचं मूळ कारण पाहा. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचं, स्वतःची अब्रू गेली तरी. फळ्यावर मांडलेलं गणित चुकलं तर वर्गासमोर पुसायचं, हे ज्याला रोज करावं लागतं त्यालाच हे जमतं. आज आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या नेत्याने प्रचारसभेत केलेला आरोप पुराव्याअभावी मागे घेतल्याचं तुम्हाला आठवतं का?

मवाळ माणूस सरकारपुढे मान तुकवतो, हाही एक गैरसमज. १८९९ साली गोखले मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेले. १९०१ साली सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा तिचा गाभा होता. सावकारापासून संरक्षण म्हणून ती मांडली गेली. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांना १८७९ पासून दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा लागू होता, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडच्या कुळवाड्याच्या दारातलाच होता. गोखल्यांनी आकडे मांडून विरोध केला, विधेयक लोकांपुढे नेऊन मग विचार करा अशी मागणी केली. ती फेटाळली गेली तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर ते सभागृहातून उठून बाहेर पडले. आज सभात्याग रोजचा झाला आहे. तेव्हा तो मोठा धक्का होता, कारण बाहेर पडण्याआधी सगळा युक्तिवाद करून झालेला होता.

मग १९०२ चं कलकत्ता. वरिष्ठ कायदेमंडळातलं गोखल्यांचं पहिलं अर्थसंकल्पीय भाषण २६ मार्चला झालं. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकार ते देशाच्या भरभराटीचं लक्षण मानत होतं. गोखल्यांनी दाखवून दिलं की दुष्काळ आणि प्लेगाने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, म्हणून ही शिल्लक आहे. शिल्लक ही भरभराट नव्हे, अन्याय आहे. सरकारच्याच कागदपत्रांतून सरकारविरुद्ध केस उभी करायची ही पद्धत होती. आणि या भाषणामागे एक हेडमास्तर होते. गणेश व्यंकटेश जोशी सरकारी हायस्कुलात नोकरी करत, त्यामुळे आर्थिक विषयांवरचं त्यांचं लेखन बरंचसं नाव न देता छापलं जाई. गोखल्यांनी आकड्यांसाठी आणि मांडणीसाठी त्यांना पत्रांवर पत्रं लिहिली. एका शाळामास्तराचा अभ्यास एका प्राध्यापकाच्या तोंडून व्हाइसरॉय कर्झनला ऐकावा लागला, याचा आपल्याला अभिमान का वाटू नये?

फळही मिळालं. गरिबाच्या भाकरीवर पडणारा कर म्हणून मिठावरचा कर कमी करण्याची मागणी गोखले वर्षानुवर्षं लावून धरत राहिले. मणाला अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. सगळं श्रेय त्यांचं एकट्याचं नाही, तिजोरीत पैसा होता म्हणूनही सरकारला ते शक्य झालं. पण शिल्लक आहे तर ती आधी मिठावर खर्च करा, हे दरवर्षी हिशेबासकट सांगणारा माणूस सभागृहात होता, म्हणून सवलत तिथवर पोचली. १९३० साली गांधीजींनी मिठाचाच प्रश्न हाती घेतला. गोखल्यांना ते आपले राजकीय गुरू म्हणत, हे लक्षात घेतलं तर मीठ त्यांना अचानक सुचलं नसावं असं मला वाटतं.

आता १९११ चं विधेयक. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यातली मागणी वाचताना आज आश्चर्य वाटतं, इतकी ती माफक आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून सुरुवात. सक्ती करायची की नाही हे ठरवणार नगरपालिका आणि लोकल बोर्डं. तीही जिथे आधीच पुरेशी मुलं शाळेत येत असतील तिथेच. ज्या बापाचं उत्पन्न महिन्याला दहा रुपयांहून कमी त्याच्या मुलाला फी माफ. खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सरकारने उचलावा, बाकीचा स्थानिक संस्थांनी. शंभरात सहाजणांनासुद्धा धड लिहितावाचता येत नव्हतं असा तो काळ. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्ती सुरू करून पुढे ती सगळ्या संस्थानात नेली होती. म्हणजे हे इथे होतं, याचा दाखला समोर होता.

सरकार म्हणालं, पैसा नाही. लोकांची मागणी नाही. प्रांतिक सरकारांचा पाठिंबा नाही. गोखल्यांनी एकेका हरकतीला उत्तर दिलं. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झालं आणि विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधात हात वर करणाऱ्यांत सरकारी अधिकारी होते, तसे काही हिंदी सभासदही होते. दिवस मावळायच्या आत विधेयक फेटाळलं जाईल हे आपल्याला माहीत आहे, आपली तक्रार नाही, आपल्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांतूनच करता येणार आहे, अशा आशयाचं ते त्या चर्चेत बोलले. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले. वय ४८.

इथे मवाळांचा टीकाकार म्हणेल, मग मिळालं काय? विनवण्या केल्या, भाषणं केली, हरले. प्रश्न रास्त आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं शिक्षण आणलं ते हुकुमाने, कुणाची मतं न मोजता. साताऱ्यात गोरगरिबांची पोरं शिकली ती कर्मवीर अण्णांमुळे. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी निघाली, १९२४ साली साताऱ्यात आली. लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने मोडून वसतिगृहातली पोरं जेवू घातली. भाऊराव सत्यशोधक परंपरेतले, पुण्याच्या मवाळ वर्तुळातले नव्हेत. गोखल्यांच्या राजकारणात बहुजन समाजाचा आवाज फार क्षीण होता, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. कायदेमंडळात शेतकऱ्याबद्दल बोललं जात होतं, शेतकरी बोलत नव्हता. ती उणीव भरून काढायला दुसरी माणसं आणि दुसरी चळवळ यावी लागली.

पण हरलेल्या विधेयकाचं पुढे काय झालं तेही पाहायला हवं. १९१८ साली मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. १९२३ साली संपूर्ण प्रांतासाठी प्राथमिक शिक्षण कायदा आला. तेव्हा शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ परांजपे, गणिताचे प्राध्यापक, फर्ग्युसनचे माजी प्राचार्य आणि राजकारणात मवाळ. गोखल्यांच्याच कॉलेजातला त्यांच्या नंतरच्या पिढीतला माणूस. पुढे घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत तीच मागणी आली, २००२ साली ८६व्या घटनादुरुस्तीने ती मूलभूत हक्क झाली आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयोगटासाठी अमलात आली. शाळा उभ्या केल्या अण्णांनी आणि त्यांच्यासारख्यांनी. शाळेत बसणं हा पोराचा हक्क आहे, हे कायद्याच्या भाषेत उतरवलं प्राध्यापकांनी. दोन्हींतलं एक काढून टाकलं तर दुसरं लंगडं राहतं.

साताऱ्याचा आणि या परंपरेचा आणखी एक धागा आहे, जो साताऱ्यातही फारसा कुणाला ठाऊक नसतो. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली निघाली ती साताऱ्याचे वकील आणि कायदेमंडळाचे सभासद रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. संस्था सोपवली गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजाकडे. काळे यांच्या स्मृतीसाठी तिथे व्याख्यानं सुरू झाली आणि १९३९ साली डॉ. आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावरचं आपलं गाजलेलं भाषण याच मालेत केलं. आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेत दाखल झालं होतं ते साताऱ्यात. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांच्या बरोबरीने त्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. आज सांगली-साताऱ्याचं सगळं राजकारण ज्या सहकारी कारखानदारीवर उभं आहे तिची आखणी करणाऱ्यांत एक प्राध्यापक होता, आणि त्या प्राध्यापकाच्या संस्थेला पहिला पैसा साताऱ्याच्या वकिलाने दिला होता. कारखान्यांनी नंतर प्राध्यापकांना दारातून बाहेर काढलं, ही गोष्ट वेगळी.

ही पद्धत फक्त मवाळांचीच मालमत्ता आहे, असंही मी म्हणणार नाही. प्रा. एन. डी. पाटील वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं. शेतकरी कामगार पक्षाचे लढवय्ये नेते, त्यांना मवाळ म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. विधान परिषदेत ते अठरा वर्षं होते, १९७८ साली सहकारमंत्री झाले. पण एन्रॉनच्या वीजकराराविरुद्ध बोलताना किंवा कोल्हापूरच्या टोलविरुद्ध रस्त्यावर उतरताना एन. डी. सरांच्या हातात कराराचा कागद असे, कलम असे, रक्कम असे. ग. प्र. प्रधान फर्ग्युसनमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक, समाजवादी, बेचाळीसलाही तुरुंगात आणि आणीबाणीतही. आपल्याच पदवीधर मतदारसंघातून ते अठरा वर्षं परिषदेत होते, विरोधी पक्षनेतेही झाले. जहाल असो की मवाळ, सभागृहात बोलण्याआधी रात्री दिवा लावून बसणारा माणूस असा दिसतो. अशी माणसं आपण पूर्वी निवडून दिली आहेत, तेव्हा ‘मास्तर टिकत नाही’ हे आपल्याच इतिहासाने खोटं ठरवलेलं आहे.

आज अशा माणसाची गरज कुठे आहे? टेंभूपासूनच पाहू. कृष्णेचं पाणी कराड तालुक्यातून उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळपर्यंत नेणारी ही योजना विजेवर चालते. पाण्याच्या वीजबिलातला ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, असं सूत्र आहे. हे सूत्र कशावरून आलं, पाणी कुणाला किती मिळतं आणि कोण किती भरतं, उसाला किती जातं आणि डाळिंबाला किती, टोकाच्या गावाला पाणी पोचतं का, हे प्रश्न भाषणात टाळ्या घेत नाहीत. तेच विचारायचे आहेत. तसंच कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीची घरं बुडाली. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा कर्नाटकाचा आग्रह आहे आणि आपला त्याला विरोध आहे. विरोध करायलाच हवा. पण त्या विरोधाबरोबरच कोयनेतून पाणी कधी आणि किती सोडलं, पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांत रोजच्या रोज आकडे जातात का, हेही कुणीतरी विचारावं लागतं. हे विचारणारा माणूस आपल्याकडे लगेच ‘त्यांचा’ ठरतो. मग तो गप्प बसतो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी चढतं.

आता मुख्य मुद्दा. असा शिक्षक आज पुढे का येत नाही? हुशार माणसं कमी झाली म्हणून नव्हे. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र शिकवणारे, आपल्या तालुक्याच्या पाण्यावर आणि शेतीवर पीएचडी केलेले कितीतरी जण आहेत. ते मोकळे नाहीत.

गोखले बोलू शकले याचं एक कारण त्यांचा स्वभाव, पण दुसरं कारण त्यांची संस्था. डेक्कन एज्युकेशन सोसायटी चालवत होते शिक्षक. आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर राबायचे, पण संस्थेचे निर्णय तेच घ्यायचे. वर मालक नव्हता. गोखल्यांना गप्प करायचं तर गव्हर्नरने करायला हवं होतं, संस्थाचालकाने नव्हे. साताऱ्याचं न्यू इंग्लिश स्कूल, सांगलीचं १९१९ चं विलिंग्डन कॉलेज ही त्याच सोसायटीची, आणि स्थापनेच्या काळात मोकळ्या शिक्षकाची ही कल्पना त्यांच्याबरोबर आपल्याकडेही आली होती. नंतर आपल्या भागात शिक्षणसंस्था वाढल्या, खेड्यापाड्यांत कॉलेज गेलं, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवं. मात्र त्यांतल्या बऱ्याच संस्था राजकीय घराण्यांच्या हातात गेल्या. संस्था, कारखाना, बँक, दूध संघ आणि आमदारकी एकाच वाड्यातून चालू लागली. त्या वाड्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाने वाड्याच्या कारखान्याच्या ताळेबंदावर लेख लिहावा, ही अपेक्षा कशी करणार? निवडणूक आली की मतदार याद्या कुणी वाटून घ्यायच्या, कुणी कोणत्या गावात मुक्कामाला जायचं, हे स्टाफरूममध्येच ठरतं. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या ओळखीतल्या अनेकांनी ते केलं आहे, मान खाली घालून.

कायम प्राध्यापकाची ही स्थिती, तर तासिका तत्त्वावरच्या मुलांचं काय बोलावं? नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली पस्तिशीची माणसं तासाच्या हिशेबाने पैसे घेतात, तेही वेळेवर नाहीत. नेमणूक वर्षापुरती, पुढच्या जूनमध्ये बोलावणं येईल की नाही हे संस्थेच्या मर्जीवर. अशा माणसाकडून सभागृहात कुणाला प्रश्न विचारण्याची अपेक्षा करायची? त्याला तर शिवाजी विद्यापीठाच्या अधिसभेतही तोंड उघडायची सोय नाही. भरती थांबवून सरकारने पैसा वाचवला असेल. पण त्या बचतीत एक अख्खी पिढी बोलायची थांबली, आणि हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नाही.

म्हणून ‘चांगला, अभ्यासू उमेदवार द्या’ एवढी मागणी मला अपुरी वाटते. एखादा पक्ष एखाद्या सज्जन प्राध्यापकाला तिकीट देईलही. तो निवडून येईल, आणि ज्यांच्या यादीवर निवडून आला त्यांच्याविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. मागणी मुळाशी जाऊन करायला हवी. रिक्त पदं कायमस्वरूपी भरा आणि तासिका तत्त्व हा अपवाद ठेवा, नियम नको. अनुदानित संस्थेत शिक्षकाला प्रचाराला जुंपलं तर संस्थेवर कारवाई होईल, आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी जाणार नाही, अशी तरतूद करा. निवडणूक लढवणाऱ्या शिक्षकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, बिनपगारी रजा आणि परत रुजू होण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत द्या. या तिन्ही गोष्टींत पैसा लागतो तो फक्त पहिलीला. उरलेल्या दोन कागदावरच्या आहेत. या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून यावर लेखी उत्तर घ्यावं, असं मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक पदवीधराला सांगतो आहे.

कुणी म्हणेल, सात आणि सात जणांनी काय फरक पडणार? परिषद आहे, सत्ता विधानसभेत असते. खरं आहे. पण गोखलेही अल्पमतातच होते, जवळजवळ सगळं आयुष्य. सभागृहाच्या नोंदीत एकदा आकडा गेला की तो सरकारला पुढची वीस वर्षं पुसता येत नाही, आणि लक्षवेधीला मंत्र्याने दिलेलं उत्तर आटपाडीच्या शेतकऱ्याला कोर्टात वापरता येतं. बहुमत नसलेल्या माणसाच्या हातातही एवढं असतं.

सुरुवात नोंदणीपासून करता येईल. या मतदारसंघांची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. जुनं नाव चालत नाही. पदवीधरांसाठी अठरा क्रमांकाचा अर्ज आहे, शिक्षकांसाठी एकोणीस क्रमांकाचा. बहुतेक ठिकाणी हे अर्ज संस्थेच्या कार्यालयातून एकगठ्ठा भरून जातात, आणि कुणाकडे किती मतं याचा हिशेब मतदानाआधीच लागलेला असतो. आपला अर्ज स्वतः तहसील कचेरीत नेऊन देणारे शिक्षक कराडला, विट्याला, इस्लामपूरला, वाईला वाढले, तर उमेदवार ठरवणाऱ्यांना निदान ही एक गोष्ट तरी आधी मोजता येणार नाही.